फूल की दोन पानं?

१६ जानेवारी १९६७ रोजी गोव्यातल्या जनमत कौलाच्या मतपत्रिकेवर एकाही उमेदवाराचं नाव नव्हतं. महाराष्ट्रात विलीन व्हायचं असेल तर ‘फूल’, केंद्रशासित राहायचं असेल तर ‘दोन पानं’, एवढाच प्रश्न.

निकाल सोपा वाटत होता, कारण १९६३च्या पहिल्या निवडणुकीने धर्माचं गणित मांडून ठेवलं होतं. पोर्तुगीजांपासूनच्या मुक्तीला जेमतेम दोन वर्षं झालेली. तरी गोव्याच्या भूमीवर काँग्रेसला एकही जागा मिळाली नाही. विलीनीकरणवादी महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाने (मगो) १४, तर जॅक सिक्वेरांच्या विलीनीकरणविरोधी युनायटेड गोवन्सने १२ जागा घेतल्या. मगोमागे हिंदू बहुजन, सिक्वेरांमागे ख्रिस्ती, अशी ढोबळ विभागणी होती. लोकसंख्येत हिंदू सुमारे साठ टक्के. मग फूलच जिंकणार!

जिंकली पानं. त्यांना १,७२,१९१ मतं पडली, फुलाला १,३८,१७०. फरक ३४,०२१ मतांचा.

मतदान गुप्त, त्यामुळे कोणत्या धर्माच्या माणसाने कुठे शिक्का मारला हे मोजता येत नाही. पण ख्रिस्ती मतदार चाळीस टक्क्यांच्या आत असताना पानांना पंचावन्न टक्के मतं मिळतात, हे हिंदूंची भरघोस मतं तिकडे वळल्याशिवाय शक्य नव्हतं. त्यांना वळवण्यात ‘राष्ट्रमत’ या दैनिकाचा हात मोठा. मराठी दैनिक, आणि लढत होतं विलीनीकरणाविरुद्ध! उदय भेंब्रे यांचं ‘ब्रह्मास्त्र’ हे सदर याच पानांतून गाजलं.

मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकरांनी कौलाआधीच राजीनामा दिला होता. त्यांचा पक्ष कौल हरला तेव्हा आता मगो संपला, असं अनेकांना वाटलं असेल. पण अवघ्या दोन महिन्यांनी, मार्चमध्ये, त्याच मतदारांनी मगोला १६ जागा दिल्या.

हे कोडं अभ्यासकांना आजही खुणावतं. इतिहासकार पराग परब यांनी २०१५च्या ग्रंथात बांदोडकरांच्या उदयाकडे बहुजनांची लोकशाही क्रांती म्हणून पाहिलं आहे. ही दृष्टी घेतली की कोडं बरंचसं सुटतं. भाटकाराच्या, म्हणजे जमीनदाराच्या, जमिनीत राबणाऱ्या कुळाला १९६४च्या कूळ कायद्याने संरक्षण मिळालं होतं. गावोगाव सरकारी मराठी शाळा निघत होत्या. विलीनीकरण नको, पण भाऊ हवेत, असं म्हणणाऱ्या मतदाराला त्यात विसंगती दिसत नव्हती. राज्य कुठलं हा एक प्रश्न, आपला माणूस कोण हा दुसरा.

धर्माच्या टक्केवारीवरून निकाल वर्तवणाऱ्यांनी हे दोन प्रश्न एकच मानले, तिथे त्यांचं गणित चुकलं. मार्चच्या निकालानंतर बांदोडकर पुन्हा मुख्यमंत्री झाले आणि १२ ऑगस्ट १९७३ रोजी निधन होईपर्यंत त्या पदावर राहिले.