पर्णरंध्रांची उघडझाप
पानाच्या बाह्यत्वचेतील ही सूक्ष्म छिद्रे परासरणाने उघडतात व मिटतात. प्रत्येक छिद्राला दोन रक्षक पेशी असतात. प्रकाश, विशेषतः निळा, पडताच त्यांच्या पटलातील पंप प्रोटॉन बाहेर टाकतात; पोटॅशियम आयन आत शिरतात, मॅलेट साठते. पेशीरस असा संहत झाला की शेजारच्या पेशींतले पाणी आत येते व रक्षक पेशी फुगतात. मात्र भित्तिकेतील सेल्युलोजचे तंतू त्यांना आडवे आवळून धरतात. त्यामुळे त्या जाड न होता लांबतात, बाहेर वाकतात आणि मध्ये फट पडते. खरे कौशल्य या रचनेतच आहे. पेशी फुगल्याने येणाऱ्या ताठरतेचे महत्त्व जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ ह्यूगो फोन मोल यांनी १८५६ मध्येच ओळखले होते. पाणी कमी पडल्यास ॲब्सिसिक अम्ल या संप्रेरकाच्या प्रभावाने आयन बाहेर पडतात, त्यांच्यामागे पाणीही जाते व रंध्र मिटते. निवडुंगाची रंध्रे मात्र मुख्यतः रात्री उघडतात.