अपहरणाचा गुन्हा आणि कॅलिफोर्नियाचा बदलता कायदा

अमेरिकेत फौजदारी कायदा करण्याचा मुख्य अधिकार राज्यांकडे आहे. त्यामुळे एकाच कृत्याला दोन राज्यांत वेगवेगळी शिक्षा होऊ शकते. मराठी कुटुंबांची मोठी वस्ती असलेल्या कॅलिफोर्नियात गंभीर अपहरणाच्या खटल्यांचा कायदा गेल्या नव्वद वर्षांत कसा घडत गेला, याचा हा आढावा.

पार्श्वभूमी

१ मार्च १९३२ रोजी विख्यात वैमानिक चार्ल्स लिंडबर्ग यांच्या तान्ह्या मुलाचे न्यू जर्सीतील घरातून अपहरण झाले आणि पुढे त्याचा मृतदेह सापडला. देश हादरला. त्याच वर्षी संसदेने आंतरराज्य अपहरणाविरुद्ध संघीय कायदा केला आणि अनेक राज्यांनी स्वतःचे ‘छोटे लिंडबर्ग कायदे’ संमत केले. कॅलिफोर्नियाने १९३३ मध्ये दंडसंहितेचे कलम २०९ कठोर केले. खंडणी वा लुटीसाठी एखाद्याला नुसते अडवून ठेवणे हेही अपहरण ठरले आणि पीडिताला शारीरिक इजा झाल्यास मृत्युदंडाची तरतूद झाली.

बावीस फुटांचा प्रश्न

या व्यापक व्याख्येचे परिणाम कॅरिल चेसमन खटल्यात दिसले. १९४८ मध्ये त्याला मृत्युदंड झाला; त्याच्यावर खुनाचा आरोप मात्र नव्हता. एका आरोपात पीडित स्त्रीला तिच्या मोटारीपासून त्याच्या मोटारीपर्यंत सुमारे २२ फूट नेले गेले होते. १९५१ मध्ये विधिमंडळाने नुसते अडवून ठेवणे लुटीसाठीच्या अपहरणाच्या व्याख्येतून वगळले. परंतु त्याच वर्षी राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने २२ फूट नेणेही पुरेसे मानले. २ मे १९६० रोजी सॅन क्वेंटिन तुरुंगात चेसमनला देहदंड देण्यात आला.

याच न्यायालयाने १९६९ मध्ये ‘पीपल विरुद्ध डॅनियल्स’ खटल्यात भूमिका बदलली. लुटीच्या ओघात माणसाला घरातल्या घरात काही पावले हलवणे म्हणजे अपहरण नव्हे, असे ठरले. १९९७ मध्ये हे तत्त्व काही बदलांसह कलमातच समाविष्ट झाले. आता लूट किंवा लैंगिक अत्याचारासाठीच्या अपहरणात सरकार पक्षाला दोन गोष्टी सिद्ध कराव्या लागतात: नेण्याची कृती मूळ गुन्ह्याच्या ओघातली नव्हती आणि तिच्यामुळे पीडिताचा धोका वाढला.

चाउचिला प्रकरण

१५ जुलै १९७६ रोजी चाउचिला येथे तीन तरुणांनी शाळेची बस अडवून २६ मुले व चालक यांचे अपहरण केले. लिव्हरमोरजवळच्या खाणीत जमिनीखाली पुरलेल्या ट्रकच्या डब्यात त्यांना कोंडण्यात आले. सुमारे सोळा तासांनी चालक व मोठ्या मुलांनी वाट मोकळी केली आणि सर्वजण जिवंत बाहेर आले. आरोपींना पॅरोलविना जन्मठेप झाली. परंतु मुलांना झालेला त्रास कायद्याच्या अर्थाने ‘शारीरिक इजा’ ठरत नाही, असे सांगून अपिलीय न्यायालयाने १९८० मध्ये पॅरोलचा मार्ग खुला केला. तिघांपैकी शेवटचा आरोपी २०२२ मध्ये सुटला. मनावर झालेल्या, आयुष्यभर न भरणाऱ्या जखमेला कायद्यात किती स्थान असावे, हा प्रश्न या निकालाने मागे ठेवला आहे.

आजची स्थिती

साध्या अपहरणाला ३, ५ किंवा ८ वर्षांची शिक्षा आहे. पीडित १४ वर्षांखालील असल्यास ५, ८ किंवा ११ वर्षे. खंडणीसाठीच्या अपहरणाला जन्मठेप असून पीडिताला इजा वा मृत्यू झाल्यास पॅरोल नाही. जन्मठेपेच्या गुन्ह्यांना खटला भरण्याची कालमर्यादा नसते. म्हणजेच अनेक दशकांनीही आरोपपत्र दाखल होऊ शकते. पीडिताचा जीव न गेलेल्या अपहरणाला मात्र आता मृत्युदंड देता येत नाही. व्यक्तीविरुद्धच्या गुन्ह्यांत ही शिक्षा हत्येपुरतीच मर्यादित राहावी, असे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये स्पष्ट केले. याउलट भारतात भारतीय न्याय संहितेच्या कलम १४० नुसार खंडणीसाठीच्या अपहरणाला आजही मृत्युदंड किंवा जन्मठेप होऊ शकते.

येथे ‘पॅरोल’चा अर्थही लक्षात घ्यावा. महाराष्ट्रात तो कैद्याला मिळणाऱ्या तात्पुरत्या रजेसाठी वापरतात. कॅलिफोर्नियात तो मंडळाच्या निर्णयाने होणारी सशर्त सुटका दर्शवतो.

पालकांसाठी

आपल्या समाजाशी थेट संबंध येतो तो कलम २७८.५ चा. दुसऱ्या पालकाला ताबा वा भेटीच्या हक्कापासून वंचित ठेवण्यासाठी दुष्ट हेतूने मूल घेऊन जाणे हा जन्मदात्या आईवडिलांसाठीही गुन्हा असून त्याला ३ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. १९८० च्या हेग करारात भारत सामील नसल्याने भारतात नेलेले मूल त्या कराराच्या आधारे परत मिळवता येत नाही. इकडचा फौजदारी खटला मात्र उभा राहू शकतो. वैवाहिक कलहात मुलासह मायदेशी परतण्याचा विचार असेल, तर तिकीट काढण्याआधी वकिलाचा सल्ला आणि न्यायालयाची परवानगी घेणे हेच शहाणपणाचे.