गिअरबॉक्सचे तेल : घसरण हवी की पकड?

भाईंदरच्या पश्चिमेला, उत्तनच्या शेजारी पाली हे समुद्रकाठचे कोळ्यांचे गाव आहे. मासेमारीच्या यांत्रिक होडीत डिझेल इंजिन असते आणि इंजिन व पाण्यातला पंखा यांच्यामध्ये एक गिअरबॉक्स असतो. होडी पुढे न्यायची, मागे घ्यायची की नुसते इंजिन चालू ठेवायचे, हे त्यावर ठरते. अशा अनेक सागरी गिअरबॉक्सांत निर्माते इंजिनाचेच तेल घालायला सांगतात. हीच मासळी बाजारात नेणाऱ्या ट्रकच्या मागच्या आसावरील पेटीत मात्र गंधकाच्या उग्र वासाचे खास गिअर ऑइल असते. दोन्हीकडे फिरतात ती दातेरी चाकेच. मग तेले वेगळी का?

हाच प्रश्न स्पोर्ट्स कारच्या मालकाला अधिक टोकदारपणे पडतो. दुकानात ‘जीएल-४’ आणि ‘जीएल-५’ असे दोन डबे शेजारी असतात. पाच हा आकडा चारापेक्षा मोठा, म्हणून ते तेल अधिक चांगले, असे समजून ते गिअरबॉक्समध्ये ओतले जाते. महागडी गाडी काही काळाने गिअर बदलताना कुरकुरू लागते. ही चूक का होते हे समजून घ्यायचे, तर वंगणाचा इतिहास पाहावा लागेल.

एरंडेलापासून रेनॉल्ड्सपर्यंत

बैलगाडीच्या आसाला वंगण देण्याची पद्धत आपल्याकडे फार जुनी आहे. त्यासाठी एरंडेल वापरले जाई. एरंडेलाच्या रेणूत ऑक्सिजन व हायड्रोजन यांचा एक ध्रुवीय गट असतो, त्यामुळे ते धातूला चांगले चिकटते. पहिल्या महायुद्धातील अनेक विमानांच्या फिरत्या इंजिनांतही एरंडेलच वापरले जात होते. चार्ल्स वेकफील्ड या इंग्रज व्यापाऱ्याने १९०९ साली आपल्या तेलाला ‘कॅस्ट्रॉल’ हे नाव दिले, तेही एरंडेलाच्या ‘कॅस्टर’ या इंग्रजी नावावरूनच.

पण वंगण नेमके करते काय? १८८३ साली लंडनमध्ये बोशॅम्प टॉवर हा अभियंता आगगाडीच्या आसाच्या बेअरिंगवर प्रयोग करत होता. तेल घालण्यासाठी त्याने बेअरिंगला वरून भोक पाडले होते. आस फिरू लागताच तेल आत जाण्याऐवजी त्या भोकातून वर येऊ लागले. त्याने भोकात बूच बसवले, तर तेही बाहेर ढकलले गेले. याचा अर्थ आस आणि बेअरिंग यांच्यामधल्या तेलात मोठा दाब निर्माण होत होता. १८८६ मध्ये ऑस्बोर्न रेनॉल्ड्स यांनी याचे गणित मांडले. फिरणारा आस तेलाला पाचरीसारख्या अरुंद जागेत ओढून नेतो, तेथे दाब वाढतो आणि आस तेलावर अक्षरशः तरंगतो. धातूला धातू लागतच नाही.

हे चित्र सुंदर आहे, पण ते नेहमी खरे नसते. वेग कमी असेल किंवा भार फार असेल, तर तेलाची पाचर टिकत नाही. अशा वेळी धातूच्या पृष्ठभागाला चिकटलेला, काही रेणूंच्या जाडीचा थर तेवढा संरक्षण देतो. १९२२ साली विल्यम हार्डी यांनी या अवस्थेला ‘सीमा वंगण’ म्हटले. येथे तेलाच्या दाटपणापेक्षा त्याचे रसायन महत्त्वाचे ठरते. एरंडेलाचे यशही बरेचसे यातच होते.

दाते घासू लागले

सरळ दात्यांची दोन चाके एकमेकांत फिरतात, तेव्हा दाते एकमेकांवर बरेचसे लोळतात आणि थोडेसे घसरतात. त्यांना साधे खनिज तेल पुरे होते. १९२० च्या दशकाच्या उत्तरार्धात मात्र मोटारींच्या मागच्या आसात ‘हायपॉइड’ नावाची रचना आली. तिच्यात लहान चाक मोठ्या चाकाच्या मध्यरेषेपेक्षा खाली बसवलेले असते. त्यामुळे इंजिनाकडून मागे येणारा दंड खाली घेता येतो आणि मोटारीचा तळही खाली येतो. पण या सोयीची किंमत दात्यांना मोजावी लागली. ते आता प्रचंड दाबाखाली एकमेकांवर लांबवर घसरू लागले. तेलाचा थर पुसला जाऊ लागला आणि तापलेली पोलादी टोके क्षणभर एकमेकांना चिकटून उखडू लागली.

यावर उपाय सापडला तो गंधकाचा. तेलात गंधकाची संयुगे मिसळली, तर जेथे घर्षणाने तापमान फार वाढते नेमके तेथेच गंधकाची लोखंडाशी अभिक्रिया होते. त्यातून लोह सल्फाइडचा पातळ थर तयार होतो. तो पोलादापेक्षा मऊ असल्यामुळे घासताना थर झिजतो, दाते वाचतात आणि नवा थर पुन्हा तयार होतो. दात्यांनी पांघरलेले हे एक बळी देण्याचे पांघरूणच म्हणायचे. पुढे गंधकाच्या जोडीला फॉस्फरसही आला.

या कथेला एक दुःखद बाजूही आहे. गंधकाची प्रक्रिया केलेले स्पर्म जातीच्या देवमाशाचे तेल हे अशा वंगणात फार उपयुक्त ठरले आणि त्यासाठी देवमासे मारले जात राहिले. अमेरिकेने १९७० साली या प्राण्याला संकटग्रस्त ठरवून त्याच्या तेलाची आयात थांबवली, तेव्हा रसायनतज्ज्ञांना पर्याय शोधावेच लागले. होहोबा या वाळवंटी झुडपाच्या बियांचे तेल हा त्यांपैकी एक.

पण पकडही हवी

याच सुमारास गिअरबॉक्समध्ये दुसराच बदल घडत होता. जुन्या मोटारींत गिअर बदलणे हे कसबाचे काम होते. वेगवेगळ्या गतीने फिरणारे भाग एकमेकांत अडकवताना दाते करकरत. १९२८ साली कॅडिलॅक कंपनीने ‘सिंक्रोमेश’ गिअरबॉक्स आणला. यात पितळेसारख्या तांब्याच्या मिश्रधातूची एक शंकूच्या आकाराची कडी असते. गिअर बदलताना ती आधी फिरत्या चाकाच्या शंकूवर दाबली जाते. घर्षणाने दोघांची गती सारखी होते आणि मगच दाते एकमेकांत शिरतात.

म्हणजे ही कडी एक छोटा ब्रेकच आहे. सायकलच्या साखळीला आपण तेल देतो, पण रिमला चुकूनही लागू देत नाही, कारण तेथे ब्रेक पकडायचा असतो. सिंक्रोमेश गिअरबॉक्स म्हणजे साखळी आणि ब्रेक एकाच पेटीत, एकाच तेलात बुडवलेले! या तेलाने दात्यांवर घसरण द्यायची आणि कडीवर पकड राहू द्यायची. तेल जास्त निसरडे असेल तर कडीला गती जुळवायला वेळ लागतो. तेल फार दाट असेल तर कडीवरच्या बारीक खाचांना ते लवकर बाजूला सारता येत नाही.

शिवाय गंधकाला तांबे फार प्रिय आहे. शाळेच्या प्रयोगशाळेत तांबे आणि गंधक एकत्र तापवून काळे कॉपर सल्फाइड करून दाखवता येते. तीच अभिक्रिया, अर्थात फार मंद गतीने, पितळी कडीवर होऊ शकते. म्हणूनच गिअर ऑइलची चाचणी घेताना तांब्याची घासून चकचकीत केलेली पट्टी गरम तेलात ठेवतात आणि ती किती काळवंडते ते पाहतात. आजच्या चांगल्या तेलांतील गंधक पूर्वीपेक्षा बराच सौम्य असतो. तरी पकडीचा प्रश्न उरतोच.

डब्यावरचे आकडे

आता जीएल-४ आणि जीएल-५ यांचा अर्थ लागतो. अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटने ठरवलेल्या या वर्गांचा पाया बराचसा अमेरिकी लष्कराच्या मानकांत आहे. जीएल-५ हे मुख्यतः भारी दाबाखालच्या हायपॉइड दात्यांसाठी असते. जीएल-४ मध्ये गंधक-फॉस्फरसची द्रव्ये साधारण निम्मी असतात. म्हणजे ४ आणि ५ हे परीक्षेतले गुण नव्हेत, ती दोन वेगळ्या कामांची नावे आहेत.

‘९०’ किंवा ‘७५डब्ल्यू-८०’ हे आकडे पुन्हा निराळे. ते तेलाची विष्यंदिता, म्हणजे वाहण्याला होणारा विरोध दाखवतात. येथेही एक फसगत होते. गिअर ऑइलची आणि इंजिन ऑइलची मोजपट्टी वेगळी आहे. ९० क्रमांकाचे गिअर ऑइल १०० अंश सेल्सिअसला साधारण ४० ते ५० क्रमांकाच्या इंजिन ऑइलइतकेच दाट असते.

स्पोर्ट्स कारची अडचण

मुंबईत कुर्ल्याला तयार होणाऱ्या प्रीमियर पद्मिनीत गिअरबॉक्स पुढे आणि मागच्या आसाची पेटी वेगळी होती. दोन पेट्या, म्हणून दोन तेले देता येत. आपल्याकडच्या स्पोर्ट्स कारचे चित्र निराळे आहे. गोव्यात वेर्णे येथे १९९० च्या दशकाच्या अखेरीस तयार होऊ लागलेल्या दोन आसनी सॅन स्टॉर्ममध्ये रेनॉचे छोटे इंजिन आणि पाच गतींचा हाताने बदलायचा गिअरबॉक्स होता. २०१२ च्या वाहन प्रदर्शनात दाखवलेल्या डीसी अवंतीतही रेनॉचेच इंजिन, पण आसनांच्या मागे बसवलेले. अशा आडव्या इंजिनाच्या गाड्यांत गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल एकाच पेटीत असतात. तेथे शक्ती वळवून नेण्याची गरज नसते, म्हणून हायपॉइड दातेही बहुधा नसतात. अशा पेटीला जीएल-४ वर्गाचे पातळसर तेल पुरते आणि कडीलाही ते मानवते.

खरी कसोटी लागते ती उभे इंजिन आणि मागे एकत्रित पेटी असलेल्या काही स्पोर्ट्स कारमध्ये. तेथे हायपॉइड दाते आणि पितळी कड्या एकाच तेलात फिरतात. एकाला भरपूर गंधक हवा, दुसऱ्याला तो नको. अशा गाडीसाठी निर्माता स्वतः चाचण्या घेऊन एखादे ठरावीक तेल सुचवतो. ते तेल म्हणजे दोन विरोधी मागण्यांमधली मोजूनमापून केलेली तडजोड असते.

पालीच्या होडीचे कोडेही आता सुटते. सागरी गिअरबॉक्समध्ये होडी पुढे-मागे नेण्यासाठी बहुधा क्लचच्या चकत्या असतात आणि त्या तेलातच बुडालेल्या असतात. त्या घसरल्या तर पंखा फिरणार नाही. ट्रकच्या मागच्या आसात मात्र पकडायचे काहीच नसते, फक्त दाते वाचवायचे असतात. नाखवा निर्मात्याने सांगितलेले इंजिन ऑइल घालतो, तेव्हा तो चकत्यांची पकडच सांभाळत असतो.

तेव्हा स्पोर्ट्स कारच्या मालकाने डबा पाहण्याआधी गाडीची पुस्तिका पाहावी. त्यातला वर्ग आणि विष्यंदिता हे दोन्ही आकडे जुळवावेत, आणि तेल गिअरबॉक्सचे की मागच्या आसाचे याची खात्री करावी. वर्गात घर्षण शिकवताना ‘घर्षण हा शत्रू की मित्र?’ असा प्रश्न आपण नेहमी विचारतो. गिअरबॉक्सचे उदाहरण दिले, तर दोन बोटांच्या अंतरावर तो एकाच वेळी दोन्ही असू शकतो, हे विद्यार्थ्यांना दाखवता येईल.