मध्यरात्रीं न विसावणारी ग्रंथि

नागपुरांत १८७७ सालीं एम्प्रेस मिल सुरू झाली आणि शहरांतील हजारों संसारांचा दिवस गिरणीच्या भोंग्याशीं बांधला गेला. ती गिरणी आतां उरलेली नाहीं. पाळ्यांचा असाच एक क्रम मनुष्याच्या देहांतही चालूं असतो. मूत्रपिंडांच्या माथ्यावर टोपीसारख्या बसलेल्या दोन अधिवृक्क ग्रंथि कॉर्टिसॉल नांवाचा स्राव रक्तांत सोडतात. त्याचें प्रमाण पहांटे चढूं लागतें, जाग येण्याच्या सुमारास शिखर गांठतें आणि मध्यरात्रीं तळाला जातें.

या स्रावाचा अतिरेक झालेल्या रुग्णाचें चित्र अमेरिकन शस्त्रवैद्य हार्वे कुशिंग यांनीं रेखाटलें. त्यांच्या १९१२ सालच्या ग्रंथांत तेवीस वर्षांच्या एका तरुणीची हकीकत आहे. पुढें १९३२ सालीं त्यांनीं असे आणखी रुग्ण एकत्र मांडले आणि दोष मेंदूच्या तळाशीं असलेल्या पीयूषिका ग्रंथींतील बारीकशा गांठीकडे लावला. चेहरा चंद्रासारखा वाटोळा, पोट सुटलेलें, हातपाय मात्र काटकुळे, कातडीवर जांभळे पट्टे, रक्तदाब चढलेला. आपल्याकडे अशी सून माहेरीं आली तर सासर मानवलें असेंच शेजारणी म्हणावयाच्या! आंत हाडें ठिसूळ होत असतात, हें कोणाला दिसणार? उपचार न झाल्यास निम्मे रुग्ण पांच वर्षांतच दगावतात, असें १९५२ सालीं प्रसिद्ध झालेल्या पाहणींत आढळलें.

नागपुरांत १९३२ सालीं रॉबर्टसन मेडिकल स्कूल होतें. मेडिकल कॉलेज निघालें तें १९४७ सालीं. परंतु रक्तांतील कॉर्टिसॉल मोजण्याची सोय तेव्हां बॉस्टनलाही नव्हती, मग नागपूरची काय कथा! रोग ओळखावयाचा तो डोळ्यांनीं.

अधिवृक्क ग्रंथींच्या कामांत दिवस व रात्र असा भेद आहे, याची खूण ग्रेगरी पिंकस यांना १९४३ सालीं तरुणांच्या मूत्रपरीक्षेंत मिळाली. १९६० च्या सुमारास कुशिंगच्या रुग्णांत ही भरती-ओहोटीच लोपते, हें दिसून आलें. उंदरांच्या मेंदूंतील, दृष्टिमज्जा जेथें एकमेकींस छेदतात त्या जागेवरील दोन इवलीं केंद्रें नष्ट केलीं असतां अधिवृक्कांचा दैनिक ताल नाहींसा होतो, हें १९७२ सालीं सिद्ध झालें.

वैद्याच्या दृष्टीनें महत्त्वाची गोष्ट अशी कीं, या रोगांत सकाळचें माप पुष्कळदां निरोगी माणसासारखेंच भरतें. चोर सांपडतो तो मध्यरात्रीं. ज्या घटकेला ग्रंथीनें विसावा घ्यावयाचा, त्याच घटकेला ती राबत असते. म्हणून रात्रीं अकराच्या सुमारास, घरच्या घरीं, थोडी लाळ घेऊन तपासण्याची रीत पडली आहे.

या परीक्षेला एक अडचण मात्र आहे. रात्रपाळीच्या कामगाराची मध्यरात्र ही मध्यरात्र नसते. त्याच्या देहाचा भोंगा भलत्याच वेळीं वाजतो. त्याच्या बाबतींत लाळेच्या आंकड्यावर विसंबतां येत नाहीं, आणि तपासणी सुचविण्यापूर्वीं डॉक्टरला आधीं त्याची पाळी कोणती, हें विचारावें लागतें.