सेको ६२मास
जपानमधील पाणबुड्यांसाठीचे पहिले घड्याळ. सेको कंपनीने १९६५ मध्ये बाजारात आणले. ‘६२’ हा आकडा त्यातील ६२१७ या स्वयंचलित यंत्रावरून आला. मनगटाच्या हालचालीने यंत्राला चावी मिळते; ते ताशी १८,००० ठोके देते. पोलादी कवच सुमारे ३८ मिमी. रुंद असून १५० मी. खोलीपर्यंतचा पाण्याचा दाब सोसते. पाण्याखाली गेलेला वेळ मोजण्यासाठी काचेभोवती फिरती कडी, अंधारात चमकणारे रुंद काटे, राखाडी तबकडी आणि तारखेची खिडकी ही त्याची वैशिष्ट्ये. ६२१७–८००० या आरंभीच्या प्रकाराची चावी लहान, तर ६२१७–८००१ ची मोठी असते. १९६६ पासून जपानच्या अंटार्क्टिका मोहिमांत ही घड्याळे वापरली गेली.

उत्पादनाचा काळ अल्प असल्याने अस्सल नग दुर्मिळ आहेत. संग्राहक मूळ तबकडी, काटे व कडी, न घासलेले कवच आणि मागील झाकणावरील डॉल्फिनचे चिन्ह पारखतात. अनुक्रमांकाच्या पहिल्या दोन अंकांवरून निर्मितीचे वर्ष व महिना कळतो. बदललेल्या सुट्या भागांमुळे मोल घटते. भारतात जुन्या सेको घड्याळांच्या तबकड्या नव्याने रंगवून विकल्या जातात. अशा घड्याळांना परदेशी संग्राहक ‘मुंबई स्पेशल’ म्हणतात आणि टाळतात. सेकोने २०१७ मध्ये या घड्याळाची २,००० नगांची मर्यादित पुनरावृत्ती काढली.