बोगस मजूर तयार कोण करतं? दुष्काळी कामापासून आधारपर्यंत

खर्ड्याचा इतिहास म्हटलं की आपण ११ मार्च १७९५ वर जाऊन थांबतो. लढाई झाली, निजामाने किल्ल्याचा आसरा घेतला, तह झाला, संपलं. दरवर्षी मार्चमध्ये त्याच पोस्टी फिरतात. आज दुसरा इतिहास लिहितोय. सरकारने बेकार माणसाला काम आणि पैसा देताना हा माणूस खरा की खोटा हे कसं तपासलं, आणि त्या तपासणीत कोण सापडलं, कोण सुटलं, त्याचा.

विषय आत्ता काढायचं कारण तुम्हाला माहीत आहे. जून २०२५ पासून 'लाडकी बहीण'च्या सुमारे २६ लाख ३४ हजार नावांचा हप्ता थांबवला गेला. वेगवेगळ्या खात्यांकडची माहिती एकमेकींशी जुळवून ही नावं काढली. त्यात पुरुष निघाले, सरकारी नोकरीतल्या बायका निघाल्या. पारावर एकच वाक्य ऐकू येतं, "बरं झालं, बोगस कापले." ज्यांचा हप्ता चुकून थांबला त्या मात्र पारावर येऊन बोलत नाहीत, त्या सेतू केंद्राच्या रांगेत असतात.

बोगस पकडायची खटपट लढाईपेक्षाही जुनी आहे. अकबराच्या काळात 'दाग' आणि 'चेहरा' अशी पद्धत होती. घोड्याला डाग द्यायचा आणि स्वाराचं वर्णन वहीत लिहायचं, म्हणजे मनसबदाराला तोच घोडा दोनदा दाखवून पगार उचलता येऊ नये. यात संशय कोणावर होता ते बघा. साध्या स्वारावर नाही, त्याच्या नावाने पैसे उचलणाऱ्या सरदारावर.

इंग्रजांनी हे उलटं केलं. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळात आपला नगर जिल्हा होरपळून निघाला. सरकारला भीती अशी, की फुकट मिळतंय म्हटल्यावर धडधाकट माणसंही रांगेत येतील. म्हणून परीक्षा घेतली ती उपाशी माणसाची. काम घराजवळ द्यायचं नाही, दहा मैलांच्या पलीकडे द्यायचं, खरी गरज असेल तर येईल चालत. मजुरी इतकी कमी, की गरजू सोडून कोणी टिकूच नये. १८७७ च्या सुरुवातीला रिचर्ड टेंपल यांच्या सल्ल्याने ती धान्याच्या एका पौंडावर आणि वर थोड्या पैशांवर आणली, तेव्हा दख्खनमधल्या मजुरांनी छावण्या सोडून काम बंद केलं. पुण्याच्या सार्वजनिक सभेने गावोगावची माहिती गोळा करून सरकारपुढे ठेवली. माझ्या मते आपल्या भागातली माहितीची पहिली मोठी लढाई हीच. फरक एवढाच, की इथे माहिती गरिबाच्या बाजूने गोळा झाली होती.

मग बहात्तर. त्याबद्दल मी काय सांगणार, प्रत्येक घरात कोणीतरी खडी फोडलेलं आहे. सुकडी, मिलो, बांधबंदिस्ती, पाझर तलाव, हे शब्द आमच्या पिढीने घरात जेवताना ऐकले. मे १९७३ मध्ये राज्यभर सुमारे ५० लाख माणसं दुष्काळी कामांवर होती. त्याआधी १९६५ मध्ये वि. स. पागे यांनी तासगाव तालुक्यातल्या विसापूरला हमीच्या कामाचा प्रयोग करून पाहिला होता. त्यातून रोजगार हमी योजना उभी राहिली. १९७७ चा कायदा २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. पैशासाठी १९७५ मध्ये व्यवसाय कर बसवला. तुमच्यातल्या नोकरदारांच्या पगारातून अजूनही महिन्याला दोनशे रुपये कापले जातात ना, तोच.

या कायद्यात एक कलम होतं, ते फार कमी लोकांना माहीत असतं. काम मागितल्यापासून पंधरा दिवसांत मिळालं नाही, तर बेकारभत्ता. रोज किमान एक रुपया. २००५ च्या केंद्राच्या कायद्यात तो वाढला, पहिले ३० दिवस मजुरीच्या किमान पाव आणि नंतर किमान निम्मा. कागदावर हा आपला बेरोजगारी भत्ता. प्रत्यक्षात तो घेतलेला माणूस मला आजवर भेटलेला नाही. त्यासाठी नमुना ४ भरून तारखेची पोच घ्यावी लागते, आणि अडतं ते पोचेवर. "अर्ज ठेवून जा, काम निघालं की सांगतो," असं म्हणून माणूस परत पाठवला, की पंधरा दिवस मोजायला सुरुवातच होत नाही.

आता मस्टर. जुन्या रोहयोत पैसा रोख वाटला जायचा. मजूर ओळीत बसायचे, कारकून नाव पुकारायचा, अंगठा घ्यायचा, नोटा मोजून द्यायचा. याच मस्टरवर मेलेली माणसं कामाला यायची, मुंबईला गेलेली पोरं खडी फोडायची. बोगस मस्टर हा शब्द तिथून घरोघरी गेला. पण जरा विचार करा, खोटं नाव मस्टरवर चढवायला काय काय लागतं? वही ज्याच्या हातात आहे तो लागतो. मोजमाप पुस्तकात न झालेलं काम लिहिणारा लागतो. खाली सही करणारा साहेब लागतो. पाटी उचलणाऱ्या बाईच्या हातात यातलं काहीच नव्हतं. तिला फार तर शेजारणीच्या नावावर एखादी हजेरी लावून घेता आली असती. तरी 'मजूर बोगस' असाच शब्द रूढ झाला.

२००८ पासून मजुरी बँक किंवा पोस्टाच्या खात्यावर द्यायचं ठरलं. हा बदल चांगलाच होता, त्यात मी खोट काढणार नाही. काम काढणारा आणि पैसे देणारा वेगळे झाले. आंध्र प्रदेशात बोटांच्या ठशांवर चालणारं स्मार्टकार्ड आणलं, तेव्हा अभ्यासकांनी मोजून पाहिलं. गळती कमी झाली आणि मजुरांना पैसेही लवकर मिळाले. म्हणजे पैशाचा माग ठेवून चोरी कमी होते, आणि मजुराचं भलंही होतं. पण चोरीही शहाणी होते. जागोजागी जेसीबीने काम उरकायचं, गावातल्यांची जॉबकार्डं लावायची, खात्यात पैसे आले की काढून आणायला लावायचे आणि दोन-पाचशे त्यांच्या हातावर ठेवायचे, हा धंदा सुरू झाला. बँकेच्या नोंदीत सगळं स्वच्छ दिसतं. खातं खरं, आधार खरं, अंगठा खरा. काम तेवढं खोटं.

पुढे हजेरीचा फोटो आला. १ जानेवारी २०२३ पासून कामांवर मोबाइलवरून दिवसातून दोनदा फोटो. जुलै २०२५ मध्ये केंद्राच्या ग्रामविकास मंत्रालयानेच पत्रक काढून कबूल केलं, की भलतेच फोटो टाकले जातात, फोटोचाच फोटो काढून चढवला जातो. डाग दिलेला घोडा दोनदा दाखवायची युक्तीच ही.

या सगळ्यात कापलं कोण गेलं? २०२२-२३ या एका वर्षात देशभर मनरेगाच्या यादीतून ५ कोटींहून जास्त मजुरांची नावं काढली, हा आकडा संसदेत दिलेला आहे. कारणांमध्ये खोटं कार्ड, दुबार कार्ड, मृत्यू हे होतंच. शिवाय 'काम करायची इच्छा नाही' आणि 'कायमचे स्थलांतरित' हेही होतं. आता आपला जामखेड तालुका डोळ्यासमोर आणा. दिवाळीच्या आगेमागे टोळ्या ऊसतोडीला निघतात, त्या उन्हाळ्यापर्यंत येत नाहीत. त्या काळात कोणी यादी तपासली, तर ते कुटुंब कायमचं गेलेलं दिसणार नाही का? परत येतात तेव्हा ऐन उन्हाळा असतो, हाताला काम तेव्हाच हवं असतं.

पैशाच्या नोंदींची गोष्ट याहून अवघड आहे. ऑस्ट्रेलियात २०१५ नंतर सरकारने बेरोजगारी भत्ता आणि इतर मदत घेणाऱ्यांची माहिती आयकर खात्याच्या आकड्यांशी जुळवली. माणसाचं वर्षाचं उत्पन्न घ्यायचं, २६ पंधरवड्यांत सारखं वाटायचं, आणि भत्ता घेतला त्या पंधरवड्यातही तुम्ही कमावत होता असं म्हणून वसुलीची नोटीस धाडायची. समजा एकाने सहा महिने काम करून २६,००० डॉलर कमावले आणि पुढचे सहा महिने बेकार होता. संगणकाच्या लेखी तो वर्षभर पंधरवड्याला हजार कमावत होता. लाखो लोकांना अशा खोट्या कर्जाच्या नोटिसा गेल्या. २०१९ मध्ये न्यायालयात ही पद्धत बेकायदा ठरली, पुढच्या वर्षी ७२ कोटी डॉलर परत करायची घोषणा करावी लागली, आणि २०२३ मध्ये चौकशी आयोगाने सरकारचे वाभाडे काढले. आकडा एकही खोटा नव्हता. भागाकार खोटा होता.

आता हाच भागाकार ऊसतोडीच्या कोयत्याला लावून बघा. जोडीच्या खात्यावर मुकादमाची लाखभर उचल एकदम जमा झाली. बँकेच्या नोंदीत ती जमा आहे. खरं तर ते कर्ज आहे, अजून तोडायच्या उसावर घेतलेलं. त्यातून लग्नाचं देणं फिटलं, दवाखाना भागला, आठवड्यात खातं रिकामं. उद्या कुठल्या यंत्राने खात्याची जमा बघून हे घर सुखवस्तू ठरवलं, तर त्या बाईने कोणाला काय दाखवायचं? मुकादमाचा व्यवहार सहसा तोंडीच असतो.

मी माहिती जुळवण्याच्या विरोधात नाही. माझं म्हणणं एवढंच, की ती वरच्या बाजूलाही जुळवा. एकाच यंत्राचं डिझेल आणि एकाच कामावरचे पन्नास मजूर एकाच तारखेला का दिसतात, एकाच माणसामागे रांगेत उभी राहून वीस खाती एकाच दुपारी रिकामी का होतात, हेही नोंदींतूनच कळेल. आणि नमुना ४ ची तारीख संगणकात असेल, तर सोळाव्या दिवशी बेकारभत्ता आपोआप का निघत नाही?

डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने मनरेगाच्या जागी १२५ दिवसांच्या हमीचा नवा कायदा मंजूर केला. नियम बदलतील, नमुने बदलतील. तोवर एक करा. मनरेगाची मस्टरं ऑनलाइन कोणालाही बघता येतात. जिल्हा, तालुका जामखेड, मग आपली ग्रामपंचायत आणि वर्ष निवडा. कामाचं नाव आणि खाली मजुरांची नावं दिसतील. आपल्या गल्लीतली नावं वाचा, ती माणसं त्या दिवशी कुठे होती हे तुमच्याइतकं कुठल्याच सर्व्हरला माहीत नाही.

आणि कोणाच्या घरी बहात्तरची हजेरीची चिठ्ठी, जुनं ओळखपत्र, कामावरचा फोटो असेल तर कमेंटमध्ये टाका. कुठल्या पाझर तलावावर काम होतं तेही लिहा. पुढची पोस्ट त्या तलावांवर लिहायची आहे.