मलबार हिल आणि तिचे गोडे पाणी



स्मरणिकेसाठी काहीतरी लिहाच, असा आग्रह मंडळाच्या चिटणीसबाईंनी धरला, तेव्हा मी म्हटले, "बाई, माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. शेवयांचे प्रमाण विचाराल तर सांगेन. लेख कसला लिहिते?" पण गेल्या वर्षी मुंबईस थोरल्या नणंदबाईंकडे महिनाभर राहण्याचा योग आला. त्यांची खोली मलबार हिलच्या पायथ्याशी, बाणगंगेजवळ आहे. त्यांचे यजमान वरच्या एका इमारतीत पहारेकरी आहेत आणि त्या स्वतः दोन घरी पोळ्या करतात. त्यांच्याबरोबर रोज ती टेकडी चढले-उतरले. घरी परतल्यावर मुलाने पुस्तके आणून दिली, ती दुपारी वाचली. त्यातून जे समजले ते चार शब्दांत मांडते. चूकभूल पदरात घ्यावी.

मुंबई हे मुळात सात बेटांचे गाव, हे आपण शाळेत शिकलो. त्यांतल्या मुंबई नावाच्या बेटाच्या पश्चिम कडेला समुद्रात शिरलेले जे उंच टोक आहे, तेच मलबार हिल. एका बाजूस गिरगावची चौपाटी, दुसऱ्या बाजूस उघडा अरबी समुद्र आणि उत्तरेस खंबाला हिलची टेकडी. उंची म्हणाल तर सुमारे ५० मीटर. आपल्याकडच्या डोंगरापुढे काहीच नव्हे. परंतु सपाट मुंबईत तेवढ्या उंचीलाही फार मान आहे. वरून पाहिले की सगळे शहर ताटात वाढल्यासारखे दिसते.

ही टेकडी कशाची बनली आहे, हे वाचून मला मोठे नवल वाटले. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या पोटातून तप्त रस थरावर थर वाहिला आणि निवून त्याचा काळा दगड झाला. लोणारचे सरोवर ज्या दगडात आकाशातील पाषाण आदळून पडले, तो दगड आणि मलबार हिलचा दगड एकाच घराण्यातले. आपल्या विहिरी खोदताना ज्या काळ्या खडकाला सुरुंग लावावा लागतो, तोच तिथे समुद्राच्या लाटा अंगावर घेत उभा आहे. हे समजल्यावर मला ती टेकडी परकी वाटेना.

मलबारच्या किनाऱ्यावरून येणाऱ्या समुद्री लुटारूंमुळे हे इंग्रजी नाव पडले, असे सांगतात. आपले जुने नाव वाळकेश्वर, म्हणजे वाळूचा ईश्वर. सीतामाईच्या शोधात निघालेले प्रभू रामचंद्र येथे थांबले आणि त्यांनी वाळूचे शिवलिंग करून पुजले, अशी कथा आहे. त्यांना तहान लागली, पण भोवती सगळे खारे पाणी. तेव्हा बाण मारून पाताळातून गोडे पाणी काढले, ती बाणगंगा. आज तेथे चारही बाजूंनी पायऱ्या असलेला लांबट तलाव आहे. ठाण्याच्या शिलाहार राजांच्या दरबारातील लक्ष्मण प्रभू यांनी तो इ. स. ११२७ मध्ये बांधला, असे मानतात. पोर्तुगीजांच्या अमलात जुने देऊळ पाडले गेले. पुढे बेट इंग्रजांकडे गेल्यावर रामा कामती या सारस्वत व्यापाऱ्याने १७१५ च्या सुमारास ते पुन्हा उभारले.

समुद्र हाकेच्या अंतरावर असताना तलावाचे पाणी गोडे कसे? कथा आपल्या ठिकाणी खरीच. पण दुसरे कारणही ध्यानात घेण्याजोगे आहे. टेकडीवर पडणारा पाऊस खडकाच्या भेगांतून मुरतो आणि पायथ्याशी झरा होऊन निघतो. आपल्या लोणारला तरी वेगळे काय आहे? खाली सरोवराचे पाणी खारट, तोंडात धरवत नाही. आणि काठावरच्या धारेचे पाणी गोड. खाऱ्या पाण्याशेजारी गोडे पाणी मिळते ते वरच्या उंच जमिनीने पाऊस पोटात साठवलेला असतो म्हणून. आईने पदराखाली झाकून काही जपावे, तसे ते असते.

आता या टेकडीवर वस्ती कशी झाली ते पाहू. तीनशे वर्षांपूर्वी हे सारे रान होते. शहर दूर, किल्ल्याच्या आत. म्हणूनच सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात पारशी बांधवांनी आपला पहिला दोखमा, म्हणजे मृतदेह ठेवण्याचा मनोरा, येथल्या एकांतात बांधला. पेशवाई बुडाल्यावर मुंबईचे गव्हर्नर झालेले माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांनी टोकावर, समुद्राच्या वाऱ्यासाठी, लहानसा बंगला केला. मग साहेबलोकांचे आणि श्रीमंत शेटजींचे बंगले एकामागून एक वर चढू लागले.

गव्हर्नरांचे मुख्य निवासस्थान मात्र परळला होते. १८८२ मध्ये तेथे गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन यांच्या पत्नीचा पटकीने अंत झाला. पुढे १८८५ पासून गव्हर्नर कायमचे मलबार हिलच्या टोकावर राहू लागले. ज्याला आपण वर्षानुवर्षे राजभवन म्हणत आलो, ते हेच. परळची रिकामी वास्तू १८९९ मध्ये डॉ. हाफकिन यांच्या प्लेगच्या प्रयोगशाळेला मिळाली. पटकी ही बहुधा दूषित पाण्यातून येते, हे आज लहान मूलही सांगेल. गव्हर्नरांना दुसरा बंगला होता, तेथे ते गेले. खाली चाळीत राहणाऱ्या बाईने कोठे जावे? तिला तेच पाणी, तीच मोरी.

तिच्यासाठी उपाय निघाला तो स्वच्छ नळाचा. १८६० मध्ये विहारचे पाणी नळाने मुंबईत आले, १८७९ मध्ये तुळशी तलाव झाला, १८९२ मध्ये तानसा. पाणी उतारानेच वाहते, हे आपल्याला कोणी शिकवावे लागत नाही. म्हणून १८८० च्या दशकात मलबार हिलच्या माथ्यावर मोठा जलाशय बांधून तो वरून झाकला आणि त्यावर माती घालून बाग केली. तीच हँगिंग गार्डन. तिला फिरोजशहा मेहता यांचे नाव आहे. आपण सहलीला जातो, हिरवळीवर बसतो, समोर १९५२ मध्ये झालेल्या कमला नेहरू पार्कात म्हातारीच्या बुटात मुलांना चढवतो. आणि पायाखाली सुमारे १४ कोटी ७० लक्ष लिटर पाणी आहे, हे कोणाच्या गावीही नसते. कुलाब्यापासून ग्रँट रोडपर्यंतच्या घरांत सकाळी नळ वाजतो तो या टेकडीच्या पोटातून.

या वस्तीत राजकारणाचाही मोठा इतिहास घडला. १९४४ च्या सप्टेंबरात महात्मा गांधी व बॅरिस्टर जिना यांची बोलणी जिनांच्या येथील बंगल्यात झाली. ती फिसकटली आणि तीन वर्षांनी देशाची फाळणी झाली. मुख्यमंत्र्यांचा 'वर्षा' बंगला येथलाच. आपल्या विदर्भातील पुसदचे वसंतराव नाईक १९६३ मध्ये मुख्यमंत्री झाले, ते तेथेच राहत. त्यांच्या कारकीर्दीत १९७२ चा दुष्काळ पडला आणि रोजगार हमीची कामे निघाली. माझ्या सासूबाई त्या साली तान्हे मूल झोळीत टाकून खडी फोडायला जात. 'वर्षा' नावाचा बंगला मी नणंदबाईंबरोबर रस्त्यावरूनच पाहिला. घरी येऊन सांगितले, तर सासूबाई म्हणाल्या, "नाव चांगलं ठेवलं बाई. त्या साली आम्हाला वर्षा कुठं दिसलीच नाही, पण हाताला काम दिसलं." इतिहासाच्या पुस्तकात मला एवढे थोडक्यात कोठे वाचायला मिळाले नाही.

आता ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला, ते सांगते.

मुंबईत नळ आले तशा विहिरी आणि तलाव लोकांच्या मनातून उतरले. पुढे विसाव्या शतकाच्या आरंभी हिवताप फैलावला, तेव्हा डास होतात म्हणून कित्येक विहिरी बुजवल्या किंवा झाकल्या. मलबार हिलच्या पूर्वेस जवळच गवालिया टँक होता, जनावरांना पाणी पाजण्या-धुण्याचा. तो भरून मैदान झाले. १९४२ च्या ऑगस्टमध्ये 'चले जाव'ची हाक तेथून उठली, म्हणून ते मैदान धन्य झाले हे खरे; पण तळे गेले, नाव उरले. धोबीतलावाचेही तसेच. बाणगंगा मात्र उरली. का उरली? तिच्या काठी देवळे होती, पितरांचे तर्पण होते, कार्तिकी पौर्णिमेची आरती होती. येणाऱ्या-जाणाऱ्या माणसांचे तिच्याशी नाते होते. ज्याच्याशी नाते असते ते बुजवायला हात धजत नाही.

माथ्यावरच्या टाकीचीही तशीच गोष्ट. २०२३ मध्ये ती पाडून नवी बांधण्याचा बेत झाला आणि त्यासाठी बागेतील ३८९ झाडांवर संकट आले. तेथील रहिवाशांनी विरोध केला. मग तज्ज्ञ मंडळी टाकीत उतरली, भिंती पाहिल्या. दुरुस्तीने भागेल असे मत पुढे आले आणि पाडण्याचा बेत मागे पडला. सव्वाशे वर्षांहून जुनी टाकी आजही पाणी देते. नणंदबाई मला म्हणाल्या, "अगं, वरची माणसं शिकलेली, त्यांचं ऐकलं गेलं. पण पाणी आम्हा खालच्यांनाही त्याच टाकीचं." त्यांचे म्हणणे मनाला लागले. आपले कोण ऐकणार, असे म्हणून आपण गप्प बसतो. निदान जे आपल्याच हातात आहे ते तरी आपण करतो का?

भगिनींनो, येथे मला एक कबुली द्यायची आहे. आमच्या गल्लीतला आड तुम्हा सर्वांना ठाऊक आहे. मी लग्न होऊन आले तेव्हा त्याचे पाणी शेंदून डाळ शिजवली आहे. त्याच्या काठावर मी माझी पहिली मैत्रीण जोडली. घरात नळ आला आणि आम्ही पोहरा माळ्यावर टाकला. प्रथम निर्माल्य टाकले, मग फुटके मडके, मग प्लॅस्टिकच्या पिशव्या. त्यांत माझाही हात होता. दुसऱ्याकडे बोट दाखवत नाही. आता उन्हाळ्यात नळाला पाणी आले नाही, म्हणजे आम्ही घागरी घेऊन त्याच आडाजवळून दूर शेतातल्या विहिरीवर जातो. आडात नाही ते पोहऱ्यात कोठून येणार, असे आपण म्हणतो. आमच्या आडात पाणी होते. आम्हीच ते झाकून टाकले.

समुद्राच्या काठी, एवढ्या गर्दीच्या शहरात, आठशे-नऊशे वर्षांचा झरा लोकांनी जपला. आपल्याकडे तर समुद्र नाही, गर्दी नाही. खडक तोच आहे आणि पाऊसही, थोडा का होईना, पडतोच.

म्हणून मंडळापुढे माझी नम्र सूचना आहे. या वर्धापनदिनाच्या हळदीकुंकवाला वाण म्हणून डबा-वाटी देऊ नये. तो पैसा आड उपसण्याला द्यावा. उपसायला माणसे लागतील, दोर लागेल, चार दिवस लागतील. गाळ काढल्यावर पाणी तपासून घ्यावे, आणि तोवर ते धुण्या-भांड्यांना वापरावे. ज्यांना आठवते त्या म्हाताऱ्या बायांना बसवून गावातील आड-विहिरी कोणी खोदल्या, कोणत्या साली आटल्या, कोणत्या कधीच आटल्या नाहीत, हे वहीत उतरून घ्यावे. राजांचा इतिहास लिहिणारे पुष्कळ आहेत. पाण्याचा इतिहास ज्यांनी डोक्यावर वाहिला त्यांनीच लिहिला पाहिजे.

पोहरा मी माळ्यावरून काढून घासून ठेवला आहे. दोर तेवढा नवा लागेल.